दूरचित्रवाणी मालिकांवरील लघुप्रतिमांचा संग्रह

दूरचित्रवाणी मालिकांवरील लघुप्रतिमांचा संग्रह हा बालपणी पाहिलेल्या मालिकांमधील पात्रे, यंत्रे व प्राणी यांच्या लहान प्रतिमा जमवण्याचा, रंगवण्याचा आणि जपण्याचा छंद आहे. या प्रतिमा मुख्यतः टेबलावर मांडून खेळावयाच्या खेळांसाठी तयार केल्या जातात. त्यांची उंची साधारणतः १५ ते ३५ मिलिमीटर असते आणि त्या धातू, राळ किंवा प्लॅस्टिकच्या असतात. हा छंद प्रामुख्याने ब्रिटन व अमेरिका येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. मालिकेची आठवण प्रेक्षकाची असली, तरी तिच्या पात्रांचे हक्क निर्मात्यांकडे असतात. त्यामुळे कोणती प्रतिमा बाजारात यावी आणि कोणती कायमची बंद व्हावी, हे बहुधा परवान्याच्या करारावर ठरते. परवाना संपल्यावर ती प्रतिमा केवळ संग्राहकांच्या कपाटातच शिल्लक राहते.

संज्ञा व व्याप्ती

लघुप्रतिमा, खेळण्यातील बाहुली आणि शोभेची मूर्ती यांत फरक केला जातो. खेळण्यातील बाहुलीचे हातपाय हलतात व ती मुलांच्या हाताळणीसाठी बनवलेली असते. शोभेची मूर्ती पाहण्यासाठी असते. लघुप्रतिमा मात्र एका ठरावीक प्रमाणात घडवलेली, तळाशी चपटी बैठक असलेली आणि नियमबद्ध खेळातील सोंगटीचे काम करणारी असते. ती बहुधा न रंगवता विकली जाते व रंगकाम घेणाऱ्याने स्वतः करावयाचे असते. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन प्रतिमा रंगवल्यानंतर एकसारख्या राहत नाहीत.

काही संग्राहक खेळासाठी प्रतिमा घेतात, काही केवळ रंगवण्यासाठी, तर काही एखाद्या मालिकेचा संपूर्ण संच पुरा करण्यासाठी. अनेकांच्या बाबतीत हे तिन्ही हेतू एकत्र असतात.

इतिहास

पूर्वपीठिका : शिशाचे सैनिक युरोपात अठराव्या शतकापासून तयार होत होते. इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ सैनिक ओतण्याची रीत काढली. तिच्यामुळे धातू कमी लागू लागला व खेळणी स्वस्त झाली. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा सैनिकांनी खेळावयाच्या लढाईचे नियम मांडले. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि ऐतिहासिक सैनिकांच्या जोडीला काल्पनिक पात्रांच्या प्रतिमांना मागणी आली. ब्रिटनमध्ये १९७५ साली गेम्स वर्कशॉप व १९७९ साली सिटाडेल मिनिएचर्स या संस्था स्थापन झाल्या.

डॉक्टर हू : बीबीसीवरील 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्यात डॅलेक नावाचे यंत्रवत् शत्रू अवतरले. त्यांची कल्पना लेखक टेरी नेशन यांची, तर रूप बीबीसीचे नेपथ्यकार रेमंड क्युसिक यांचे होते. १९६५ पर्यंत ब्रिटनमधील दुकाने डॅलेकच्या खेळण्यांनी भरून गेली. पुढे १९८० च्या दशकात या मालिकेवरील धातूच्या लघुप्रतिमा व खेळ बाजारात आले. १९८९ मध्ये मालिकेचे नियमित प्रसारण थांबले, तरीही १९९० च्या दशकात हार्लेक्विन मिनिएचर्स या ब्रिटिश उत्पादकाने तिच्यावरील लघुप्रतिमा काढल्या. पडद्यावरून मालिका नाहीशी झालेली असताना तिचे विश्व टेबलावर चालू राहिल्याचे हे ठळक उदाहरण आहे. मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

थंडरबर्ड्स : गेरी व सिल्व्हिया अँडरसन यांची 'थंडरबर्ड्स' ही ३२ भागांची कळसूत्री बाहुल्यांची मालिका १९६५-६६ मध्ये प्रसारित झाली. तिच्यातील याने व इमारती चित्रीकरणासाठी बनवलेल्या प्रतिकृतीच होत्या. त्यामुळे या मालिकेवरील संग्राह्य वस्तू म्हणजे प्रतिकृतीची प्रतिकृती ठरते. डिंकी टॉइज या उत्पादकाने काढलेली तिच्यातील वाहने आजही जुन्या खेळण्यांच्या लिलावात आढळतात.

स्टार ट्रेक : 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेचे ७९ भाग १९६६ ते १९६९ या काळात दाखवले गेले. १९८२ मध्ये फासा या प्रकाशनसंस्थेने तिच्यावर भूमिकानाट्याचा खेळ काढला. त्यासोबत १/३९०० या प्रमाणातील अंतराळयानांच्या धातूच्या प्रतिमा निघाल्या. त्या दशकाच्या अखेरीस फासाकडील परवाना संपला व ही याने बंद झाली. पुढे मोडिफियस या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने २०१७ मध्ये नवा खेळ काढून ३२ मिलिमीटर प्रमाणात पात्रांच्या प्रतिमा आणल्या.

ही-मॅन : काही वेळा हा क्रम उलट असतो. मॅटेल या अमेरिकी खेळणी उत्पादकाने ही-मॅन व त्याच्या सोबत्यांच्या बाहुल्या १९८२ मध्ये विक्रीस आणल्या. त्यांच्यावरील फिल्मेशनची सचेत चित्रमालिका १९८३ मध्ये सुरू झाली व तिचे १३० भाग निघाले. येथे मालिकेतून खेळणे निघाले नाही, तर खेळण्यासाठी मालिका निघाली. त्या काळात लहान मुलांच्या कार्यक्रमांना जाहिरातीचे रूप येत असल्याची टीका अमेरिकेत झाली.

परवाना आणि प्रतिमेचे आयुष्य

लघुप्रतिमेच्या निर्मितीत किमान तीन पक्ष असतात : मालिकेचा हक्कधारक, परवाना घेणारा उत्पादक आणि मूळ शिल्प घडवणारा कारागीर. ग्राहक संग्राहक असला, तरी या व्यवहारात त्याला बोलण्याची जागा नसते.

डॅलेकच्या बाबतीत टेरी नेशन यांनी लेखक म्हणून आपला हक्क राखला होता. त्यामुळे त्यांना व त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांना उत्पन्नाचा वाटा मिळत राहिला. रेमंड क्युसिक मात्र पगारदार कर्मचारी होते. ज्या आकारावर सर्व खेळणी बेतलेली होती, त्या आकाराबद्दल त्यांना केवळ बक्षिसादाखल एक लहान रक्कम मिळाली. २००४ मध्ये बीबीसी व नेशन यांचे वारस यांच्यातील बोलणी काही काळ फिसकटली, तेव्हा नव्या मालिकेत डॅलेक असतील की नाही याचीच शंका निर्माण झाली होती. पुढे तडजोड झाली.

'बॅटलटेक' या खेळाचे उदाहरणही याच स्वरूपाचे आहे. फासाने १९८४ मध्ये काढलेल्या या खेळातील अनेक युद्धयंत्रांची रूपे 'मॅक्रॉस' व 'डगराम' या जपानी सचेत मालिकांमधून परवान्याने घेतलेली होती. 'मॅक्रॉस' हीच मालिका इतर दोन मालिकांशी जोडून अमेरिकेत १९८५ मध्ये 'रोबोटेक' या नावाने दाखवली गेली होती व तिचे अमेरिकेतील हक्क हार्मनी गोल्ड या संस्थेकडे होते. या रूपांवरून न्यायालयीन वाद झाला. १९९६ मध्ये समझोता झाल्यावर फासाने ती रूपे आपल्या पुस्तकांतून काढून टाकली. खेळाच्या नियमांत यंत्रांची नावे राहिली, परंतु त्यांची चित्रे व प्रतिमा नाहीशा झाल्या. खेळाडूंनी या यंत्रांना 'अदृश्य' असे नाव दिले आणि पूर्वी विकल्या गेलेल्या धातूच्या प्रतिमांना संग्रहमूल्य आले.

'रोबोटेक'वरच बेतलेल्या 'रोबोटेक आरपीजी टॅक्टिक्स' या खेळासाठी पॅलेडियम बुक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावरून लोकवर्गणी मागितली. पाच हजारांहून अधिक लोकांनी मिळून १४ लाखांहून अधिक डॉलर दिले. प्रतिमांचा पहिला हप्ता पाठवला गेला. दुसरा हप्ता निघणार नाही, असे २०१८ मध्ये जाहीर झाले व त्याच सुमारास परवान्याची मुदतही संपली. लहानपणीच्या मालिकेवरील प्रेमापोटी आगाऊ पैसे देण्यातील धोका दाखवण्यासाठी या प्रसंगाचा उल्लेख वारंवार केला जातो.

आकार व साहित्य

लघुप्रतिमांचे प्रमाण मिलिमीटरमध्ये सांगतात. २८ मिलिमीटर प्रमाण म्हणजे उभ्या माणसाच्या तळपायापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर सुमारे २८ मिलिमीटर. काही उत्पादक ते डोक्याच्या टोकापर्यंत मोजतात, म्हणून एकाच प्रमाणाच्या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्यास लहानमोठ्या दिसू शकतात. २८ मिलिमीटर हे प्रमाण ढोबळमानाने १/५६ ते १/६० इतके, तर १५ मिलिमीटर हे सुमारे १/१०० इतके असते. यानांसारख्या अवाढव्य वस्तूंसाठी याहून फार लहान प्रमाण वापरावे लागते.

साहित्याचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे :

• धातू : कथील व शिसे यांचा मिश्रधातू रबरी साच्यात ओतला जातो. गरगर फिरणाऱ्या साच्यात वितळलेला धातू कडेपर्यंत पोहोचतो व बारकावे उमटतात. शिशाच्या विषारीपणामुळे १९९० च्या दशकापासून अनेक उत्पादक शिसेविरहित मिश्रधातूकडे वळले.
• प्लॅस्टिक : पोलादी साच्यात दाबाने भरले जाते. साचा महाग असल्याने मोठ्या संख्येच्या उत्पादनालाच परवडते.
• राळ : थोड्या संख्येच्या प्रतिमांसाठी सोयीची, परंतु ठिसूळ.
• त्रिमितीय मुद्रण : प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव राळेतून थरावर थर चढवून प्रतिमा तयार होते. घरगुती यंत्रे स्वस्त झाल्याने बंद पडलेल्या प्रतिमांच्या प्रती काढणे सोपे झाले आहे. मात्र त्यातून परवान्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. न घट्टलेली राळ त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजे घालणे आवश्यक असते.

रंगकाम व मूळपणा

प्रतिमा प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन, सांध्यावरील फाजील धातू कानशीने घासून काढतात. त्यानंतर अस्तराचा हात, मूळ रंग, खोलगट भागात उतरणारा पातळ गडद रंग आणि उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने दिलेला फिका रंग अशी क्रमवारी असते. शेवटी संरक्षक रोगण लावतात. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग सर्वांत प्रचलित आहेत.

जुनी रंगवलेली प्रतिमा हाती आल्यावर तिचा रंग काढून ती नव्याने रंगवावी की आहे तशी ठेवावी, याविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते न रंगवलेली, मूळ वेष्टनातील प्रतिमाच खरी मौल्यवान होय. दुसऱ्या पक्षाच्या मते रंगवल्याखेरीज प्रतिमा अपुरी असते आणि पूर्वीच्या मालकाचे, प्रसंगी एखाद्या मुलाचे, ओबडधोबड रंगकाम हाही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे. बाजारात पहिल्या पक्षाला अधिक दाम मिळतो.

जतन

शिसेयुक्त प्रतिमांवर कालांतराने पांढरी भुकटी धरते. लाकडातून व काही डिंकांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शिशाचे कार्बोनेटमध्ये रूपांतर होते व बारकावे झडून जातात. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. म्हणून अशा प्रतिमा लाकडी कपाटाऐवजी काच किंवा धातूच्या कपाटात, खेळत्या हवेत ठेवाव्यात. जेथे पावसाळ्यात हवा सतत दमट असते, तेथे ओलावा शोषणारी पुडी सोबत ठेवणे उपयुक्त ठरते. पांढरी भुकटी फुंकून उडवू नये व शिसेयुक्त प्रतिमा हाताळल्यावर हात धुवावेत. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवण्याची सवयही टाळावी.

प्रतिमेसोबत तिचे वेष्टन, नियमपुस्तिका, खरेदीचे वर्ष आणि रंगवणाऱ्याचे नाव यांची नोंद ठेवल्यास संग्रहाला दस्तऐवजाचे मोल येते. नोंद नसलेली प्रतिमा पुढील पिढीच्या हाती केवळ एक अनोळखी बाहुली म्हणून पडते.

भारतातील स्थिती

भारतात दूरदर्शनचे प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले व १९८२ मध्ये ते रंगीत झाले. १९८० च्या दशकात प्रक्षेपण केंद्रांचे जाळे वाढले आणि एकाच वाहिनीवरील एकच मालिका देशभरातील मुले एकाच वेळी पाहू लागली. रामानंद सागर यांची 'रामायण' (१९८७-८८), बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' (१९८८-९०) आणि 'शक्तिमान' (१९९७-२००५) या मालिकांनी त्या पिढ्यांचे सामायिक बालपण घडवले. 'ही-मॅन' व 'स्टार ट्रेक' या विदेशी मालिकाही दूरदर्शनवर दाखवल्या गेल्या.

टेबलावरील युद्धखेळांची परंपरा भारतात रुजलेली नसल्याने या आवडीला खेळण्यांच्या बाहुल्यांचे रूप मिळाले. ही-मॅनच्या बाहुल्या 'लिओ मॅटेल' या नावाने भारतात तयार झाल्या. एमआरएफ उद्योगसमूहाच्या फनस्कूल या संस्थेने गोव्यातील कारखान्यातून खेळण्यांचे उत्पादन केले. तिने हॅस्ब्रो या अमेरिकी संस्थेच्या परवान्याने 'जी. आय. जो' या मालिकेतील सैनिक काढले. परदेशात बंद झालेल्या साच्यांतून निघालेल्या व निराळ्या रंगसंगतीच्या या भारतीय बाहुल्यांना पुढे विदेशी संग्राहकांकडून मागणी आली. ज्या मुलांसाठी त्या बनवल्या गेल्या, त्यांच्या हातून त्या खेळून झिजल्या आणि टाकून दिल्या गेल्या. त्यामुळे सुस्थितीतील नमुने कमी उरले आहेत.

मोगली व वैनगंगेचे खोरे

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने 'द जंगल बुक' ही मालिका विशेष उल्लेखनीय आहे. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९० मध्ये ५२ भागांत तयार केलेली ही मालिका १९९० च्या दशकात हिंदी रूपात दूरदर्शनवर दाखवली गेली. तिचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले आणि शेरखान या वाघाला नाना पाटेकर यांनी आवाज दिला.

रडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ मधील मूळ कथांत वैनगंगा नदीचा व सिवनीच्या टेकड्यांचा नावानिशी उल्लेख आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी भंडारा जिल्ह्यातून वाहत येऊन चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरून पुढे जाते. गडचिरोली जिल्ह्यात वर्धा नदीशी तिचा संगम होऊन प्राणहिता नदी तयार होते. कुरखेडा तालुक्यातील सती व खोब्रागडी या नद्यांचे पाणीही अखेर वैनगंगेलाच मिळते. जपानमध्ये चितारलेले आणि हिंदीत बोलणारे हे अरण्य कुरखेड्याच्या मुलांना म्हणूनच सर्वस्वी परके नव्हते. वाघ, बिबट्या, अस्वल, कोल्हा व अजगर हे मालिकेतील प्राणी या जिल्ह्यांच्या जंगलांतही आढळतात.

हक्कांच्या दृष्टीने हे उदाहरण बोधप्रद आहे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. किपलिंग यांचे निधन १९३६ मध्ये झाल्याने त्यांच्या कथा भारतात सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. म्हणून पुस्तकातील वर्णनावरून मोगली, बगीरा किंवा बल्लू यांच्या प्रतिमा कोणताही कारागीर स्वतःच्या कल्पनेने घडवू शकतो. मात्र जपानी मालिकेतील किंवा डिस्नेच्या १९६७ मधील चित्रपटातील विशिष्ट रूपाची नक्कल परवान्याशिवाय करता येत नाही. लहानपणी मनावर ठसलेले रूप बहुधा मालिकेतलेच असते, आणि अडचण नेमकी तेथेच येते.

महाराष्ट्रातील समांतर परंपरा

मालिकांशी संबंध नसलेल्या, परंतु लहान प्रतिमा जमवण्याच्या, मांडण्याच्या व रंगवण्याच्या दोन परंपरा महाराष्ट्रात आहेत.

तान्हा पोळा : विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात व त्यांना बोजारा म्हणजे ओवाळणीचे पैसे किंवा खाऊ मिळतो. हे बैल चाकांच्या पाटावर बसवलेले असतात व दोरीने ओढले जातात. अनेक घरांत एकच लाकडी बैल आजोबांकडून नातवापर्यंत येतो आणि वेळोवेळी नव्याने रंगवला जातो. विदेशी संग्राहकाला मूळ रंग गेल्याने वस्तूचे मोल घटल्यासारखे वाटते. येथे मात्र नवा रंग हीच वस्तू जिवंत असल्याची खूण मानली जाते.

किल्ल्यावरील चित्रे : दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला बांधून त्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, मावळे, तोफा, गवळणी व प्राणी मांडण्याची प्रथा प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रात आहे. पुण्यासारख्या ठिकाणी या मूर्तींना 'चित्रे' असे म्हणतात. त्या भाजलेल्या मातीच्या किंवा प्लास्टरच्या असतात व दिवाळीच्या बाजारात विकत मिळतात. दरवर्षी काही नवी चित्रे घेऊन जुन्यांत भर घालणे हा मुलांचा अलिखित संग्रहच असतो. मोठा मावळा व लहान हत्ती शेजारी उभे राहिले तरी कोणाची हरकत नसते, कारण या खेळात प्रमाणाचा आग्रह नसतो.

या दोन्ही परंपरांत प्रतिमांचा कोणी एक हक्कधारक नाही. स्टार प्रवाह वाहिनीवरील 'राजा शिवछत्रपती' (२००८) यांसारख्या मालिकांचे हक्क त्यांच्या निर्मात्यांकडे असतात, परंतु मावळ्याची मूर्ती कोणताही कुंभार घडवू शकतो. मालिका संपली, वाहिनी बंद झाली किंवा करार मोडला, तरी तिच्या निर्मितीत खंड पडत नाही. परवान्यावर अवलंबून असलेल्या लघुप्रतिमेला ही शाश्वती नसते. साचे मोडीत निघाल्यावर तिचे अस्तित्व, ज्यांनी ती जपली त्यांच्यापुरतेच उरते.